टाकून दिलेल्या गणकयंत्रांची ओळख : चिन्ह, रचना आणि परंपरा

१

गणकयंत्रांचा इतिहास लिहिताना सामान्यतः तीन प्रकारची साधने उपयोगात आणली जातात : निर्मात्यांचे निबंध व अहवाल, त्यांच्या आठवणी आणि संग्रहालयांत जतन केलेली यंत्रे. पहिल्या दोन साधनांची छाननी कशी करावी याविषयी इतिहासशास्त्रात पुष्कळ विचार झालेला आहे. तिसऱ्या साधनाविषयी मात्र एक सोयीस्कर समजूत रूढ आहे. ती अशी की, यंत्र समोर असले म्हणजे ते आपली साक्ष आपणच देते. वस्तुस्थिती तशी नाही. इलेक्ट्रॉनिक गणकयंत्रांच्या पहिल्या पिढीतील फारच थोडी यंत्रे प्रयोगशाळेतून सरळ संग्रहालयात गेली. बहुतेक मोडली गेली, लिलावात विकली गेली, किंवा कोणाच्या तरी कोठारात विसावली. त्यांतील जी पुढे कधी अभ्यासकांच्या हाती लागली, ती बहुधा नाव हरवलेल्या स्थितीत लागली. समोरचा लोखंडी सांगाडा म्हणजे अमुकच यंत्राचा अमुक भाग होय, हे आधी सिद्ध करावे लागले आणि त्यानंतरच तो इतिहासाचे साधन होऊ शकला.

ही सिद्धता कशी केली जाते, तिला कोणता पुरावा लागतो आणि तो कोठे तोकडा पडतो, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे. येथे मांडावयाचे प्रतिपादन थोडक्यात असे : टाकून दिलेल्या गणकयंत्राची ओळख त्याच्या सुट्या भागांवरून क्वचितच पटते, ती भागांच्या परस्परसंबंधावरून आणि त्या संबंधाचे वर्णन जतन करणाऱ्या कागदावरून किंवा माणसाच्या स्मृतीवरून पटते. यंत्र मोडले की इतिहासाची हानी होते हे खरे. परंतु यंत्र आणि त्याचे वर्णन यांची फारकत झाली म्हणजे होणारी हानी अधिक खोल असते.

२

प्रथम ही यंत्रे टाकून का दिली गेली ते पाहिले पाहिजे. कारण त्यागाचे कारण जसे असेल तसे अवशेषांचे स्वरूप असते.

सर्वांत सामान्य कारण म्हणजे नव्या यंत्राचे आगमन. केंब्रिज विद्यापीठाच्या गणितीय प्रयोगशाळेत मॉरिस विल्क्स यांच्या नेतृत्वाखाली तयार झालेल्या 'एडसॅक' या यंत्राने ६ मे १९४९ रोजी आपला पहिला कार्यक्रम चालविला. आज्ञावली यंत्राच्या स्मृतीतच साठविण्याचे तत्त्व नित्याच्या शास्त्रीय कामासाठी राबविणाऱ्या आद्य यंत्रांत त्याची गणना होते. त्यात सुमारे ३,००० व्हॉल्व्ह होते. 'एडसॅक २' तयार झाल्यावर ११ जुलै १९५८ रोजी हे यंत्र बंद करण्यात आले व त्याचे भाग विखुरले. त्या काळच्या प्रयोगशाळेच्या दृष्टीने हे अगदी स्वाभाविक होते. व्हॉल्व्ह महाग होते, जागा अपुरी होती, आणि संशोधकांचे लक्ष पुढच्या यंत्राकडे लागलेले होते.

दुसरे कारण जागेची निकड. अमेरिकेतील आयोवा स्टेट कॉलेजात जॉन अटानासॉफ आणि क्लिफर्ड बेरी यांनी १९३९ ते १९४२ या काळात बांधलेले यंत्र पदार्थविज्ञानाच्या इमारतीच्या तळघरात पडून होते. १९४८ मध्ये त्या तळघरात वर्ग भरविण्याचे ठरले, तेव्हा ते दोघा निर्मात्यांपैकी कोणालाही न कळविता मोडण्यात आले. त्याच्या स्मृतीचा एक दंडगोल तेवढा वाचला.

तिसरे कारण गुप्तता. दुसऱ्या महायुद्धात जर्मन सेनापतींचे सांकेतिक संदेश उलगडण्यासाठी टॉमी फ्लॉवर्स यांनी ब्रिटिश डाकखात्याच्या संशोधन केंद्रात 'कोलोसस' यंत्रे उभारली. युद्धसमाप्तीच्या वेळी अशी दहा यंत्रे ब्लेचली पार्क येथे होती. त्यांतील बहुतेक १९४५ नंतर मोडली गेली आणि उरलेली सुमारे १९६० पर्यंत नाहीशी झाली. मूळ आराखडे स्वतः फ्लॉवर्स यांना वरिष्ठांच्या आज्ञेने जाळावे लागले. १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या यंत्रांच्या अस्तित्वाविषयीही जाहीर वाच्यता झाली नव्हती.

या तीन कारणांतील भेद ध्यानात घेण्याजोगा आहे. पहिल्यात यंत्राचे भाग उरतात, पण पांगतात. दुसऱ्यात एखादा भाग योगायोगाने उरतो. तिसऱ्यात यंत्र आणि वर्णन या दोहोंचा नाश हेतुपुरस्सर केला जातो. अवशेष हाती आल्यावर अभ्यासकाने विचारावयाचा पहिला प्रश्न 'हे काय आहे' हा नसून 'हे येथवर कसे आले' हा असला पाहिजे, तो यामुळेच.

३

ओळख पटविण्याचे सर्वांत सुलभ साधन म्हणजे भागांवरील चिन्हे. व्हॉल्व्हवर निर्मात्याचे नाव व क्रमांक असतो. ब्रिटिश सैन्यदलांसाठी घेतलेल्या व्हॉल्व्हना 'सीव्ही' या अक्षरांनी सुरू होणारा स्वतंत्र क्रमांक मिळे. एकात्मिक मंडलांच्या, म्हणजे ज्यांना आज सरसकट 'चिप' म्हणतात त्यांच्या, पाठीवर निर्मात्याचे चिन्ह, भागाचा क्रमांक आणि पुष्कळदा निर्मितीचा काळ छापलेला असतो. काळ दर्शविण्याची प्रचलित पद्धत चार अंकांची आहे : पहिले दोन अंक वर्षाचे व पुढचे दोन आठवड्याचे. म्हणजे '७११८' याचा अर्थ १९७१ सालचा अठरावा आठवडा.

परंतु ही चिन्हे वाचताना जुना लेख वाचणाऱ्यास जी सावधगिरी बाळगावी लागते तीच येथेही बाळगावी लागते. १९६० च्या दशकात टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स या कंपनीने बाजारात आणलेल्या आणि पुढे इतर अनेकांनी उचललेल्या मंडलांच्या मालिकेतील भागांचे क्रमांकही '७४' या अंकांनीच सुरू होतात. त्यामुळे '७४३२' हे चार अंक एका ओळीत भागाचे नाव असू शकतात, तर दुसऱ्या ओळीत १९७४ सालचा बत्तिसावा आठवडा असू शकतात. पहिल्या अर्थी ते चार 'अथवा'-द्वारांच्या मंडलाचे नाव आहे, दुसऱ्या अर्थी ती तिथी आहे. आकृती तीच, अर्थ भिन्न. निर्णय करावयाचा तो त्या अंकांच्या मागेपुढे असलेल्या अक्षरांवरून आणि त्याच पाटीवरील शेजारच्या भागांशी तुलना करून. शेजारच्या दहा भागांवर ७३ व ७४ यांनी सुरू होणारे निरनिराळे अंक असतील, तर ती ओळ तिथीची होय, असे अनुमान सुरक्षितपणे काढता येते. सोव्हिएत रशियातील '१५५' मालिकेत याच मंडलांच्या प्रतिकृती रशियन अक्षरांतील वेगळ्या नावांनी तयार झाल्या; तेथे नाव निराळे आणि कार्य एक, असा उलट प्रकार आढळतो.

तिथी निश्चित झाली तरी तिचा अर्थ मर्यादित असतो. एखाद्या पाटीवरील सर्वांत अलीकडच्या भागाची तिथी ही त्या पाटीच्या आज दिसणाऱ्या स्थितीची पूर्वमर्यादा ठरते. त्याआधी पाटी या स्थितीत असणे शक्य नाही, एवढेच तिच्यावरून सिद्ध होते. यंत्र दुरुस्त होत असते. जळालेला भाग काढून त्या जागी नवा बसविला जातो. पोथीच्या जीर्ण पानाच्या जागी मागाहून कोणी नवे पान लिहून घातले, तर त्या पानाच्या अक्षरवळणावरून अख्ख्या पोथीचा काळ कोणी ठरवीत नाही. तोच न्याय येथे लागू आहे. पाटीवरील बहुसंख्य तिथी एका अल्प कालखंडात येत असतील आणि दोनचारच त्याहून पुष्कळ अलीकडच्या असतील, तर बहुसंख्य तिथी निर्मितीच्या व उरलेल्या दुरुस्तीच्या, असे मानणे युक्त ठरते.

चिन्हांची खरी मर्यादा याहून मूलगामी आहे. पहिल्या पिढीतील यंत्रे बहुतांशी अशा भागांनी बांधलेली होती, की जे भाग गणकयंत्रांसाठी म्हणून घडविलेलेच नव्हते. 'कोलोसस'मधील कित्येक भाग टेलिफोन केंद्रांत नित्य वापरले जाणारे होते. टोनी सेल यांनी १९९३ मध्ये त्याच्या पुनर्रचनेस आरंभ केला, तेव्हा त्यांच्यापाशी १९४५ सालची काही छायाचित्रे आणि अभियंत्यांनी नियम मोडून स्वतःजवळ ठेवलेले आराखड्यांचे तुकडे एवढेच साहित्य होते. भागांची मात्र चणचण फारशी भासली नाही. कारण जुनी टेलिफोन केंद्रे त्याच सुमारास मोडीत निघत होती. शब्द उपलब्ध होते, वाक्य हरवले होते. २००७ मध्ये पुनर्रचित यंत्राने प्रत्यक्ष सांकेतिक संदेश उलगडून दाखविला, तो भागांच्या बळावर नव्हे, तर छायाचित्रे व तुकडे यांवरून सिद्ध केलेल्या रचनेच्या बळावर.

४

भागांपेक्षा रचनेला महत्त्व का, हे दोन उदाहरणांवरून अधिक स्पष्ट होईल.

इंग्लंडमधील हार्वेल येथील अणुशक्ती संशोधन केंद्रात १९४९ पासून एका गणकयंत्राची आखणी चालू होती, आणि १९५१ मध्ये ते चालू झाले. त्यात ८२८ 'डेकाट्रॉन' नळ्या होत्या. डेकाट्रॉन म्हणजे वायूने भरलेली एक छोटी नळी. तिच्यातील प्रकाशाचा ठिपका दहा स्थानांपैकी ज्या स्थानी असेल तो अंक तिने धारण केलेला असतो. यंत्राच्या स्मृतीत काय आहे ते अशा रीतीने डोळ्यांनी दिसत असे. यंत्राचे वजन अडीच टन होते. एका गुणाकाराला त्याला पाच ते दहा सेकंद लागत. परंतु ते न थकता, न चुकता दिवसचे दिवस चाले आणि हाच त्याचा गुण मानला गेला. १९५७ मध्ये हार्वेल येथील उपयोग संपल्यावर एका स्पर्धेद्वारा ते वुल्व्हरहॅम्प्टन येथील तंत्रमहाविद्यालयास देण्यात आले. तेथे त्याचे नाव 'विच' असे झाले व विद्यार्थ्यांच्या शिक्षणासाठी ते १९७३ पर्यंत वापरात राहिले. पुढे ते बर्मिंगहॅमच्या विज्ञान व उद्योग संग्रहालयात गेले. ते संग्रहालय १९९७ मध्ये बंद झाल्यावर यंत्राचे भाग सुटे करून नगरपालिकेच्या कोठारात ठेवण्यात आले.

येथे नाव पुसले जाण्याची प्रक्रिया अगदी स्पष्ट दिसते. या यंत्राचा नाश कोणी केला नाही. ते सार्वजनिक संस्थेच्या ताब्यात होते, छपराखाली होते. तरीही ते अभ्यासकांच्या दृष्टीआड झाले. कारण सुट्या केलेल्या चौकटींचा ढीग हे यंत्र म्हणून कोणाच्या नजरेस येत नाही. २००८ च्या सुमारास त्या कोठारातील वस्तूंच्या एका छायाचित्रात केव्हिन मरेल या अभ्यासकाला नियंत्रणफलक दिसला व तो त्यांनी ओळखला. एखाद्या नळीवरून किंवा रिलेवरून ही ओळख पटली नसती. तशा नळ्या मोजणीच्या इतर उपकरणांतही असत. परंतु नियंत्रणफलकावरील कळांची व दिव्यांची मांडणी ही एकाच यंत्राची होती. २००९ मध्ये ब्लेचली येथील राष्ट्रीय गणकयंत्र संग्रहालयात दुरुस्ती सुरू झाली आणि २० नोव्हेंबर २०१२ रोजी यंत्र पुन्हा चालू झाले. मूळ भागांनिशी आजही चालणारे सर्वांत जुने अंकीय गणकयंत्र म्हणून त्याची नोंद झाली.

दुसरे उदाहरण वर उल्लेखिलेल्या 'एडसॅक'चे. त्याच संग्रहालयात २०११ मध्ये 'एडसॅक'ची प्रतिकृती उभारण्याचे ठरले. मूळ मंडलांचे आराखडे उपलब्ध नव्हते. छायाचित्रे, छापील अहवाल व हयात असलेल्यांच्या आठवणी यांवरून अभियंत्यांना रचना तर्काने सिद्ध करावी लागली. २०१४ मध्ये, हे काम बरेच पुढे गेले असता, १९ मूळ आराखडे प्रकाशात आले. १९५९ मध्ये प्रयोगशाळेत नोकरीस लागलेल्या एका अभियंत्याने ते टाकून दिले जात असता उचलून ठेवले होते, आणि त्यांचे मोल त्याच्या ध्यानात आले ते अनेक दशकांनी. पुढच्या वर्षी अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनियातून एक चॅसी परत आली. केंब्रिज येथील लिलावात पूर्वी विकल्या गेलेल्या सामानातील ती होती. तिच्यावरचे व्हॉल्व्ह काढून घेतलेले होते, परंतु सांगाडा उत्तम स्थितीत होता. 'चॅसी १ए' म्हणून तिची निश्चिती झाली.

या दोन उपलब्धींचा क्रम विचारात घेण्यासारखा आहे. ती चॅसी तीस वर्षे आधी एखाद्या अनभिज्ञ व्यक्तीच्या हाती पडती, तर भोके पाडलेला पत्रा एवढेच तिचे मोल झाले असते. 'एडसॅक'चीच ती होय, ही मौखिक परंपरा तिच्या मालकांकडे टिकून होती आणि त्या परंपरेची शहानिशा करू शकणारी माणसे दुसऱ्या टोकाला तयार होती, म्हणून ती 'सापडली'. उलटपक्षी, आराखडा कितीही सविस्तर असला तरी तार प्रत्यक्षात कशी वळविली होती, जोड कसा दिला होता, या गोष्टी वस्तूच सांगू शकते. कागद आणि वस्तू ही परस्परांची भाष्ये आहेत.

५

ओळखीच्या मार्गातील आणखी एक अडचण म्हणजे चुकीचे नाव. निनावी वस्तूला लोक फार काळ निनावी राहू देत नाहीत. जवळचे, परिचयाचे असे काहीतरी नाव तिला चिकटवितात. २०१६ मध्ये इंग्लंडमध्ये एका ऑनलाइन विक्रीत एक वस्तू 'तार पाठविण्याचे यंत्र' अशा वर्णनाने आली. मागितलेली किंमत साडेनऊ पौंड होती. वस्तुतः ती जर्मन सैन्याच्या लॉरेन्झ सांकेतिक यंत्रणेतील टेलिप्रिंटर निघाली; म्हणजे ज्या संदेशांसाठी 'कोलोसस' उभारावे लागले, ते ज्यावर टंकलिखित होत, तशांपैकी एक. विक्रेत्याने खोटे काही सांगितले नव्हते. त्याच्या अनुभवविश्वात त्या आकाराच्या वस्तूला तेच नाव होते. तात्पर्य, शोध घेणाऱ्याने केवळ योग्य नावाने शोध घेऊन भागत नाही. अनभिज्ञ माणूस त्या वस्तूला कोणकोणती नावे देईल याची यादी त्याला मनाशी करावी लागते : टंकयंत्र, टेलिफोनचे कपाट, रेडिओचा सांगाडा, दवाखान्यातील उपकरण. बोलीतील शब्द गोळा करणाऱ्यास हा अनुभव नवा नाही.

याच्या उलट, वस्तूचे नाव ठाऊक आहे, वस्तूही सुरक्षित आहे, पण ती वापरावयाची कशी हेच हरवले आहे, असेही घडते. जर्मन अभियंता कोनराड झूझे यांचे 'झेड ४' हे यंत्र १९५० मध्ये झुरिकच्या तंत्रविद्यापीठात आले, पुढे फ्रान्समध्ये गेले, आणि शेवटी म्यूनिकच्या जर्मन संग्रहालयात स्थिरावले. त्याची वापरपुस्तिका नाहीशी झाली असे समजले जात होते. ती २०२० मध्ये एका जुन्या संशोधकाच्या घरगुती कागदपत्रांत सापडली. तिच्यासमवेत त्या यंत्रावर सोडविलेल्या गणितांची टिपणेही मिळाली. त्यांत अग्निबाणांचे मार्ग व विमानाच्या पंखांची कंपने यांचा समावेश होता. यंत्र कित्येक दशके प्रेक्षकांसमोर होते, आणि त्याने काय काम केले हे मात्र एका कपाटातील कागदांत होते.

चंद्रयानांवरील मार्गदर्शक गणकयंत्राच्या बाबतीत वस्तू आणि वर्णन यांचा हा संबंध फारच निकट आहे. या यंत्राची कायम स्मृती तारांनी विणलेली असे. चुंबकीय कड्यातून तार ओवली तर एक, बाहेरून नेली तर शून्य. अशा विणकामातच आज्ञावली लिहिलेली असे. असे एक गणकयंत्र १९७० च्या दशकाच्या मध्यास ह्यूस्टन येथे सुमारे दोन टन भंगारासोबत विकले गेले. पुढे ते चंद्रयानाच्या ज्या नमुन्यावर १९६८ मध्ये निर्वातकक्षात चाचण्या झाल्या त्यातील असल्याचे निश्चित झाले, आणि २०१९ मध्ये, चंद्रावरील पहिल्या अवतरणाच्या पन्नासाव्या वर्षी, काही अभ्यासकांनी मूळ अभियांत्रिकी आराखड्यांच्या आधारे ते पुन्हा चालविले. खासगी संग्रहांतील विणलेल्या स्मृतींमधून त्यानंतर काही आज्ञावल्या वाचूनही काढण्यात आल्या. तांब्यासाठी त्या तारा वितळविल्या गेल्या असत्या, तर यंत्राबरोबर त्यातला मजकूरही गेला असता.

६

या साऱ्या खटाटोपाचे प्रयोजन केवळ संग्राहकाचे कुतूहल आहे काय, असा प्रश्न साहजिकच उद्भवतो. त्याचे उत्तर अटानासॉफ यांच्या यंत्राच्या कथेत मिळते.

'एनिअ‍ॅक' या प्रसिद्ध यंत्राच्या एकस्वाधिकाराचा अर्ज एकर्ट व मॉकली यांनी १९४७ मध्ये केला आणि तो १९६४ मध्ये मंजूर झाला. त्या अधिकारावर आधारलेल्या मागण्यांमुळे हनीवेल व स्पेरी रँड या दोन कंपन्यांत दावा उभा राहिला. १९७१ मध्ये सुरू झालेल्या सुनावणीत मुख्य मुद्द्यांपैकी एक असा होता की, मॉकली यांनी जून १९४१ मध्ये आयोवास जाऊन अटानासॉफ यांचे यंत्र पाहिले होते. तेव्हा 'एनिअ‍ॅक'मधील कल्पना तेथून घेतलेल्या होत्या काय? ज्या यंत्राविषयी हा वाद, ते यंत्र १९४८ मध्येच मोडलेले. सहनिर्माता बेरी १९६३ मध्ये निवर्तलेला. उरले होते ते अटानासॉफ यांचे १९४० सालचे विस्तृत टिपण, पत्रव्यवहार, साक्षीदारांच्या आठवणी आणि तो एक दंडगोल. १९ ऑक्टोबर १९७३ रोजी न्यायाधीश अर्ल लार्सन यांनी 'एनिअ‍ॅक'चा एकस्वाधिकार रद्द ठरविला. निर्णयाची कारणे अनेक होती. त्यांत 'एनिअ‍ॅक'मागील कल्पना अटानासॉफ यांच्यापासून आल्याचाही अंतर्भाव होता.

न्यायालयाने निकाल दिला, तरी इतिहासकारांतील वाद मिटला नाही. हे यंत्र पूर्णतः चालत होते काय, ही शंका पुढेही घेतली जात राहिली. कारण तिचे निरसन करू शकेल अशी वस्तूच उरली नव्हती. आयोवा स्टेट विद्यापीठात १९९० च्या दशकात टिपणे, छायाचित्रे व अवशेष यांच्या आधाराने प्रतिकृती उभारून १९९७ मध्ये ती चालवून दाखविण्यात आली, ती या शंकेचे उत्तर म्हणून. तळघरातील काही चौरस फूट जागा मोकळी करण्याच्या एका निर्णयाची किंमत पुढे अर्धे शतक मोजावी लागली. एका माणसाचे श्रेय त्यात गुंतलेले होते. आणि ज्याला सहसा विसरले जाते त्या बेरीचे तर सर्वस्वच.

७

भारताच्या संदर्भात हा प्रश्न अधिक निकडीचा आहे. कलकत्त्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेत १९५० च्या दशकात इंग्लंडहून 'एचईसी-२एम' व मागाहून रशियाहून 'उराल' ही यंत्रे आली. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रा. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली १९५४ पासून भारतीय बनावटीच्या गणकयंत्राचे काम चालू झाले. प्रथम एक प्रायोगिक यंत्र सिद्ध झाले आणि १९६० मध्ये पूर्ण यंत्र कार्यान्वित झाले. त्यात सुमारे २,७०० व्हॉल्व्ह आणि २,०४८ शब्दांची चुंबकीय स्मृती होती. १९६२ मध्ये त्याला 'टिफ्रॅक' हे नाव मिळाले. पण १९६४ मध्ये त्याच संस्थेत अमेरिकन बनावटीचे 'सीडीसी ३६००' आल्यावर 'टिफ्रॅक'चे कार्य लवकरच संपुष्टात आले. हैदराबादच्या इलेक्ट्रॉनिक्स कॉर्पोरेशनने १९६९ मध्ये 'टीडीसी-१२' तयार केले व पुढच्या दशकात त्याच्या पुढच्या आवृत्त्या काढल्या.

याच काळात आयबीएम कंपनी परदेशांत वापरून झालेली '१४०१' यंत्रे भारतात आणून, दुरुस्त करून, येथील संस्थांना भाड्याने देत असे. १९७८ मध्ये कंपनीने भारतातील व्यवसाय बंद केला. ओळखीच्या दृष्टीने हे प्रकरण बोधप्रद आहे. अशा यंत्राच्या एखाद्या पाटीवर जी तिथी असेल ती परदेशातील निर्मितीची; दुरुस्तीच्या वेळी घातलेले भाग दुसऱ्या तिथीचे; आणि भारतातील संस्थेने त्यावर डकविलेला जिन्नस क्रमांक तिसऱ्याच तिथीचा. एकाच यंत्राची ही तीन आयुष्ये होत. केवळ पहिल्या तिथीवरून त्याचा इतिहास लिहिला, तर भारतातील आयुष्य पुसले जाते. आणि तेच आयुष्य येथील अभ्यासकाला सर्वांत महत्त्वाचे आहे. संस्थेचा तो साधा रंगविलेला क्रमांक भंगारवाला प्रथम खरवडतो, ही गोष्ट येथे लक्षात ठेवावी.

भंगाराच्या अर्थशास्त्रात आणखी एक विरोध दडलेला आहे. जुन्या चिपांच्या पायांवर व जुन्या पाट्यांच्या कडांवर सोन्याचा मुलामा नव्यांपेक्षा सढळ असे. त्यामुळे ढिगातून आधी निवडून वितळविल्या जातात त्या नेमक्या जुन्या वस्तू. जे अभ्यासकाला मोलाचे, तेच मुशीलाही मोलाचे. भारतात इलेक्ट्रॉनिक कचऱ्याविषयीचे पहिले स्वतंत्र नियम २०११ मध्ये होऊन २०१२ पासून अमलात आले. त्यांच्या जागी आलेले २०२२ सालचे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. या नियमांचा हेतू पर्यावरणाचे व माणसांच्या आरोग्याचे रक्षण हा आहे आणि तो सर्वथैव योग्य आहे. शिसे व आम्ले यांच्या सान्निध्यात राबणाऱ्या माणसांचा प्रश्न इतिहासाच्या प्रश्नाहून आधीचा आहे, याविषयी दुमत होऊ नये. परंतु वस्तू नियमाप्रमाणे नष्ट करणे आणि तिची नोंद ठेवणे या दोन गोष्टींत विरोध नाही, हेही तितकेच खरे.

८

वरील विवेचनातून काही निष्कर्ष निघतात. भागांवरील चिन्हे काळाची पूर्वमर्यादा देतात, यंत्राचे नाव देत नाहीत. नाव मिळते ते रचनेवरून. आणि रचना ओळखता येते ती आराखडा, छायाचित्र किंवा यंत्र चालविलेल्या माणसाची आठवण यांच्या साहाय्याने. हार्वेलचे यंत्र एका छायाचित्रामुळे, 'एडसॅक'ची चॅसी एका मौखिक परंपरेमुळे, चंद्रयानाचे गणकयंत्र आराखड्यांच्या प्रतींमुळे पुन्हा बोलते झाले. अटानासॉफ यांच्या यंत्राच्या बाबतीत कागद उरले व वस्तू गेली. म्हणून न्यायालयात निर्णय झाला, पण शंका राहिली.

यावरून संस्थांच्या व्यवहारासाठी एक साधा नियम सुचतो. सर्व जुनी यंत्रे जतन करणे कोणत्याही विद्यापीठाला शक्य नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. परंतु यंत्र जिन्नसवहीतून कमी करताना त्याची चारही बाजूंनी छायाचित्रे, नियंत्रणफलकाचे व प्रत्येक पाटीचे एकेक छायाचित्र, त्यावरील सर्व क्रमांकांची प्रत, ते कोठून आले व कोणी चालविले याची नोंद, आणि त्यासोबतच्या पुस्तिका एवढे एका जागी बांधून ठेवणे अवघड नाही. रुमालातून सुटलेल्या कागदाचे मोल कसे उतरते हे मराठी दप्तरांच्या अभ्यासकांना सांगावयास नको. यंत्राच्या सुटलेल्या पाटीची गत तीच आहे. भारतात १९६० च्या दशकात ही यंत्रे चालविणाऱ्यांपैकी जे आज हयात आहेत ते वयोवृद्ध आहेत. एखादी पाटी त्यांच्यासमोर ठेवून 'ही कोठे बसत असे' एवढा प्रश्न विचारण्यास अजून थोडा अवधी आहे. ते काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी आपापल्या संस्थेच्या कोठारापासून सुरू करावे, हे इष्ट होय.